परतीची वेळ

गावाचं नाव आहो.
पहिल्या दिवशी पाटी वाचून वन्सं थांबल्याच,
म्हणाल्या, वहिनी, इथे नवऱ्याला हाक मारायची सोय नाही,
गावच ओ देईल.
शेजारची डेल्फिना सांगते, स्पॅनिशमध्ये याचा अर्थ लसूण.
असेल बाई. तांब्याची खाण बंद पडली त्याला वर्षं झाली,
डोंगर होता तिथे आता खड्डा आहे,
चौकात ताडाची झाडं, आपापल्या पायाशी सावली राखून.

अंगणात ताडपत्री अंथरून सगळं मांडलंय.
दोन स्टेपन्या. फावडं. हवेचा पंप.
ओढून काढायचा पट्टा, मनगटाएवढ्या कड्यांसकट.
जॅक, आणि त्याच्याखाली घालायला सागाची फळी,
कारण वाळूत गाडीआधी जॅकच बुडतो,
हे गॅरेजवाल्या रुबेनने शिकवलं.
पंख्याचा पट्टा त्याने आमच्याकडून तीनदा बदलून घेतला,
तिसऱ्यांदा रात्री,
तोंडात टॉर्च धरून.

पाण्याचा हिशेब माझ्याकडे.
माणशी दिवसाला सहा लिटर, दिवस तीन,
वर आणखी दोन दिवस, जे येऊ नयेत.
दोघींचे साठ.
एका पिंपात नाही, सहा कॅनांत,
एक फुटला तर पाच उरावेत.
आई सोनं असंच ठेवायच्या, वन्सं म्हणाल्या,
थोडं तांदळात, थोडं गादीत,
थोडं कुठे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पश्चिमेला एकशे तीस मैल, एकही पंप नाही,
फोनला रेंज नाही, म्हणून कागदी नकाशा,
घड्यांवर चिकटपट्टी लावलेला.
परवान्यावर सह्या केल्या दोघींनी:
वाळूत जुने, न फुटलेले तोफगोळे दिसले
तर हात लावणार नाही.
माझ्या लग्नात इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

वाद एकाच गोष्टीवरून. कुकर.
तीन किलो वजन, मी म्हटलं.
गॅस निम्मा लागतो, पाणी कमी लागतं, वन्सं म्हणाल्या.
रुबेनने कुकर हातात घेऊन शिटी फिरवून पाहिली,
वही काढून काहीतरी लिहिलं
आणि गुपचूप मागच्या खोक्यात बसवला.
मग टायरपाशी उकिडवा बसून सांगू लागला:
डांबर संपलं की हवा अडतिसावरून अठरावर आणा,
मऊ टायर पसरतो, तरतो.
म्हणजे फुगून चालणारा रुततो, वन्सं मराठीत म्हणाल्या,
माझ्याकडे बघून.
मी भाषांतर केलं नाही.

शेवटी डेल्फिनासाठी कागद.
गाडीचा रंग, नंबर, दोन्ही रात्रींचे मुक्काम,
आणि खाली परतीची वेळ.
तोवर आमचा फोन आला नाही तर तिने शेरीफला कळवायचं.
रविवार, संध्याकाळी सहा, मी म्हटलं.
आठ लिही, वाटेत चाक गेलं तर?
आठ लिहिलं तर दोन तास उशिरा शोधायला निघतील.
सहा लिहिलं तर ती पाचपासून खिडकीत उभी राहील.
राहू दे की.
वन्सं पेन धरून बसल्या.
आयुष्यभर उंबऱ्यावर कुणी 'जातो' म्हटलं
की त्यांनी त्याला परत आत बोलावून 'येतो' म्हणायला लावलंय,
आणि आता त्या 'येतो'ला
वार घालायचा, तास घालायचा,
न आलो तर काय, तेही खाली लिहायचं.
त्यांनी सहा लिहिलं.
खोडलं. पुन्हा सहाच लिहिलं, ठळक.

पहाटे साडेचारला डेल्फिनाच्या घरात अंधार.
कागद दाराच्या फटीतून आत सरकवला.
वन्सं बंद दाराला म्हणाल्या, येतो गं,
आणि चढून बसल्या, पट्टा लावला.
गाडी सुरू झाली.
मी उतरले,
मागे जाऊन सहाव्या कॅनचं झाकण
आणखी एकदा पिळून पाहिलं.